कॉम्प्युटरची एकादशी

ऐकलंत का? लोक हल्ली चांगला भरभक्कम कॉम्प्युटर विकत आणतात आणि त्याने काहीही करू नये म्हणून वर आणखी पैसे मोजतात! थट्टा नाही. अँटिव्हायरस नको, प्रिंटर नको, ब्लूटूथ नको, कीबोर्ड-माउस नकोत, खुद्द पडदाच नको. पंखा तर पहिल्या दिवशीच हद्दपार. उरतं काय, तर जाड अ‍ॅल्युमिनियमचा एक काळा डबा, त्याच्या पाठीत लॅनची एक वायर आणि यूएसबीची एक. त्याने जन्मभर एकच काम करायचं: इंटरनेटवरून नाहीतर घरातल्या हार्ड डिस्कवरून गाणं आणायचं आणि डॅकच्या हवाली करायचं. डॅक म्हणजे आकड्यांची पुन्हा विजेची लहर करणारी पेटी. तिच्याबद्दल या मंडळींत आवाज खाली आणून बोलायचा रिवाज आहे.

आपल्याकडे म्हणतात ना, एकादशी आणि दुप्पट खाशी. इथे एकादशी कॉम्प्युटरची आणि दुप्पट खाणारा दुकानदार. डब्यातून जेवढं काढाल तेवढी किंमत चढते. पंखा काढला, भाव वाढला. पडदा काढला, आणखी वाढला. शेवटी ज्यात जवळजवळ काहीच उरलेलं नाही असा डबा लाखांच्या घरात जातो, आणि घेणारा म्हणतो, ‘आता कुठे गाणं ऐकू यायला लागलं.’ मग इतकी वर्षं काय ऐकत होतात हो?

आमच्या ओळखीत असे एक काका आहेत. नाव सांगत नाही, मला त्याच सोसायटीत राहायचंय. निवृत्त इंजिनीअर, निर्व्यसनी, मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालणारा माणूस. हा माणूस हातभर लॅनच्या वायरीला एका चांगल्या फ्रिजची किंमत देऊन आला आणि वर काकूंना म्हणाला, ‘सेलमध्ये होती.’ आता बोला.

सुरुवात मात्र या सगळ्यांची साधीच असते, आणि खरं सांगायचं तर रास्तही असते. कुणीतरी कानाशी लागून सांगतं की विंडोज तुमच्या गाण्यात ढवळाढवळ करते. हे खरं आहे! बिचाऱ्या कॉम्प्युटरला एकाच वेळी गाणं वाजवायचं असतं, ई-मेल आल्याची टिंग वाजवायची असते, व्हिडिओ कॉलवरचा साहेबही ऐकवायचा असतो. म्हणून विंडोज सगळे आवाज एका मिक्सरमध्ये घालते आणि सगळ्यांना एका मापात बसवते. सीडीवरचं गाणं सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचं. सेटिंगमध्ये ४८,००० लिहिलेलं असेल तर गाणं गुपचूप त्या मापात बदललं जातं, तुम्हाला न विचारता. यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्सक्लुझिव्ह मोड निवडायचा, म्हणजे गाणं मिक्सरला वळसा घालून थेट डॅककडे जातं. विंडोज व्हिस्टापासून वासापी या नावाने ही सोय घरातच आहे. त्याआधी १९९७ पासून स्टाइनबर्ग कंपनीचं आसिओ होतं, तेही हेच करतं. फूबार२००० नावाचा फुकटचा प्लेअर २००२ पासून लोकांच्या सेवेला हजर आहे. पाच मिनिटांचं काम. ते आटोपून माणसाने हात धुवून जेवायला बसावं.

पण बसतो कसला!

मग त्याला कळतं की विंडोजच्या पोटात पाठीमागे ढीगभर सेवा चालू असतात. फायलींची सूची करणारी एक, अपडेट बघणारी एक, फॅक्सची तर अजूनही आहे. या एकेक बंद करायच्या, म्हणजे प्रोसेसर शांत होतो, आणि प्रोसेसर शांत झाला की गाणं शांत होतं. असा सिद्धांत. तो एकदा मान्य केला की थांबायचं कुठे? मंडळी घरच्या विंडोजवर समाधानी राहिनात. त्यांनी कंपन्यांच्या सर्व्हर-रूममधली विंडोज सर्व्हर आणली, तीही बिनचेहऱ्याची, ‘कोअर’ अवतारातली, जिच्यात स्टार्टचं बटणसुद्धा नसतं. तिला आणखी उपाशी ठेवायला ‘ऑडिओफाइल ऑप्टिमायझर’ नावाचं सॉफ्टवेअर विकत मिळतं. म्हणजे बंद करण्याचेही पैसे. जेप्ले नावाच्या प्लेअरने तर कमाल केली. त्यात हायबरनेट नावाचा प्रकार होता: आधी सगळं गाणं मेमरीत भरून घ्यायचं आणि मग कॉम्प्युटरमधलं बाकी सगळं गोठवायचं. पडदा काळा, माउस ठार, कीबोर्ड ठार. गाणं आवडलं नाही तरी गप्प बसून ऐकायचं. मला वाटतं, संगीत सभेत मधेच उठून जाणाऱ्यांसाठी हे यंत्र सक्तीचं करावं.

एका कॉम्प्युटरने भागत नाही हेही लवकरच कळतं. एकाने गाण्यांची यादी सांभाळायची, मुखपृष्ठं दाखवायची. दुसऱ्याने फक्त वाजवायचं. दोघांमध्ये वेगळी वायर. पहिला कामकरी, दुसरा सोवळ्यातला. सोवळ्यातल्याला इंटरनेटचा वाराही लागू द्यायचा नाही.

लिनक्सवाल्यांचं प्रकरण तर बोलायलाच नको. लिनक्सच्या गाभ्यात ‘रिअल टाइम’ नावाची सुधारणा आहे. वीसेक वर्षं तिच्यावर काम चाललं आणि २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत ती अखेर मुख्य गाभ्यात आली. कारखान्यातली यंत्रं, यंत्रमानव, जिथे एका क्षणाचा उशीर झाला तर कुणाचा हात जाईल, अशा कामांसाठी ती. स्टुडिओत थेट ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनाही तिचा उपयोग होतो, कारण गायकाला स्वतःचा आवाज कानात उशिरा आला तर तो चुकतो. आता सांगा, चाळीस वर्षांपूर्वी मुद्रित झालेला मारवा दिवाणखान्यात दोन मिलिसेकंद उशिरा सुरू झाला तर कुणाचा हात जाणार आहे? पण काकांनी गाभा बदलला. प्रोसेसरचा एक कप्पा फक्त प्लेअरसाठी राखून ठेवला. काकूंना घरात कपाटाचा एक खण मागून मिळत नाही.

गंमत म्हणजे या संप्रदायात दोन पंथ आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. एक पंथ म्हणतो, कॉम्प्युटर जितका दुबळा तितका चांगला. २०१२ मध्ये ३५ डॉलरला निघालेला तळहाताएवढा रास्पबेरी पाय घ्या, त्यावर व्होल्युमिओ नाहीतर मूड नावाचं गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर टाका, झालं काम. दुसरा पंथ म्हणतो, छे छे, प्रोसेसरला घाम फुटता कामा नये, म्हणून तो राक्षसी हवा. नेदरलँड्सची टायको ऑडिओ नावाची कंपनी आहे. तिच्या ‘एक्स्ट्रीम’ नावाच्या म्युझिक सर्व्हरमध्ये सर्व्हरचे दोन झिऑन प्रोसेसर बसवलेले, पंखा एकही नाही, आणि किंमत वीस हजार युरोच्या वर. एवढी यंत्रणा सेकंदाला १.४ मेगाबिटचं गाणं पुढे सरकवायला! त्याहून पुढची पायरी म्हणजे एचक्यूप्लेअर हा फिनलंडचा प्रकार. हा गाण्याला जसंच्या तसं सोडत नाही; त्याचं गणित करून त्याला सेकंदाला सव्वादोन कोटींहून जास्त नमुन्यांच्या एक-बिटी धारेत बदलतो. त्यासाठी गेम खेळणाऱ्या पोरांचं ग्राफिक्स कार्डही जुंपता येतं. म्हणजे एका घरात कॉम्प्युटर थंड राहावा म्हणून त्याची गती कमी करतात, आणि शेजारच्या घरात तोच इतका तापवतात की त्याला पंख्यासकट दुसऱ्या खोलीत ठेवावं लागतं. दोघेही म्हणतात, आवाज मखमली झाला.

आता विजेकडे वळू, कारण विजेशिवाय या मंडळींचा घास गिळला जात नाही. कॉम्प्युटरमधला नेहमीचा एसएमपीएस यांना सोसत नाही. तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, त्याचा कचरा तारांत जातो, म्हणून मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा लिनिअर सप्लाय पाहिजे. राउटरलाही तोच. ऐकायला बसताना फ्रिज बंद, एलईडी दिवे बंद, मोबाइलचे चार्जर उपटून ठेवलेले. काकांची मुलगी रात्री अमेरिकेतल्या साहेबाशी मीटिंगमध्ये असताना घरचं वाय-फाय गेलं होतं, ते वादळामुळे नव्हे, हे मी तुम्हाला सांगितलं म्हणून कुणाला सांगू नका.

पण काका तरी बरे म्हणायचे. जपानात काही शौकिनांनी रस्त्यावर स्वतःचा विजेचा खांब उभारून घेतलाय! शेजाऱ्यांच्या मिक्सर-वॉशिंग मशीनचा डाग लागलेली वीज नको, म्हणून खांब वेगळा, त्यावरचा ट्रान्सफॉर्मर वेगळा. २०१६ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने पहिल्या पानावर ही बातमी दिली होती. खर्च दहा हजार डॉलरच्या आसपास. आपल्याकडे महावितरणकडे असा अर्ज कुणी केला आणि कारणाच्या रकान्यात ‘भीमपलासीतला कोमल निषाद धूसर येतो’ असं लिहिलं, तर कारकुनाचा चेहरा बघायला मी स्वखर्चाने जाईन.

जपानचीच आणखी एक. सोनीने २०१५ मध्ये ६४ जीबीचं मेमरी कार्ड काढलं, खास ‘प्रीमियम साउंड’साठी. किंमत साडेअठरा हजार येन. नेहमीच्या कार्डाच्या कितीतरी पट. वैशिष्ट्य काय, तर वाचताना विजेचा गोंगाट कमी. त्यात गाणी बदलत नाहीत, जास्त मावत नाहीत, लवकर उघडत नाहीत. कार्ड शांतपणे बसतं, एवढंच.

आणि वायर! वायरीचं काय सांगू. २००८ च्या सुमारास डेनॉन या नावाजलेल्या कंपनीने दीड मीटरची एक वायर ४९९ डॉलरला काढली होती. दिसायला लॅनची वायर. त्यांच्याच प्लेअर-अ‍ॅम्प्लिफायरच्या जोडणीसाठी. तिच्यावर संदेश कुठल्या दिशेने जावा हे दाखवणारे बाण होते! अ‍ॅमेझॉनवर लोकांनी तिच्याखाली असे काही उपहासाचे अभिप्राय लिहिले की वायर राहिली बाजूला, अभिप्रायच गाजले. बाण मात्र गेले नाहीत. आजही महागड्या लॅन वायरींवर बाण असतात. आता गंमत ऐका. घरात जी गिगाबिट जोडणी असते, तिच्या वायरीत तारांच्या चार जोड्या असतात आणि चारही जोड्यांतून एकाच वेळी दोन्ही दिशांना माहिती धावत असते. बाण कुणाला रस्ता दाखवतोय?

लॅनमधून गाणं जातं ते वाहत्या धारेसारखं नाही, पाकिटांत जातं. अर्ध्या तासाचा ख्याल सीडीच्या दर्जात ३१८ एमबीचा होतो, म्हणजे दोन लाखांवर पाकिटं. प्रत्येक पाकिटाच्या शेपटीला तपासणीचा आकडा असतो. वाटेत एक बिट जरी उलटला तरी पाकीट फेकून दिलं जातं आणि पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवलं जातं. बँकेचे तुमचे पैसे याच भरवशावर इकडचे तिकडे जातात. साध्या गिगाबिट वायरीतून हा अख्खा ख्याल तीन सेकंदांच्या आत पोचू शकतो; उरलेली एकोणतीस मिनिटं आणि वरचे सेकंद वायर रिकामीच. फ्लॅक, म्हणजे काहीही न गमावता आवळलेली फाइल असेल, तर तिच्या पोटात मूळ गाण्याचा एमडी५ नावाचा पडताळणीचा आकडाही असतो. हवं तेव्हा पडताळून पाहा, एक बिटसुद्धा इकडचा तिकडे झालाय का. होत नाही. तालाचं म्हणाल, म्हणजे मंडळी ज्याला जिटर म्हणतात ते, तर पाकिटं आधी डबाभर साठवली जातात आणि मग डॅक स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यावर एकेक नमुना उचलतो. वायरीतून काही उशिरा आलं म्हणून तबला लयीतून सुटत नाही. फार तर गाणं थांबेल.

हे सगळं काकांना ठाऊक नाही असं समजू नका. इंजिनीअर आहेत. म्हणूनच मी एकदा म्हटलं, ‘काका, गाणं चालू असताना ती वायर उपटून बघू या का?’ चेहरा पडला, पण तयार झाले. वायर काढली. गाणं चालूच! साठवलेल्या पाकिटांवर वाजत राहिलं. मी विजयी मुद्रेने म्हटलं, ‘बघा, आता वायर नाहीच, मग तिचा मखमली आवाज कुठून येतोय?’

काका डोळे मिटून बसले होते. म्हणाले, ‘श्शू. अरे, काय सुंदर वाजतंय! वायर काढल्यावर तर पडदाच बाजूला झाला.’

यावर माझ्याजवळ उत्तर नाही. फ्रिजच्या किमतीची वायर न लावल्याने आवाज सुधारतो, हे त्या संप्रदायाचं परमोच्च ज्ञान असावं. दुसऱ्या दिवशी ती वायर परत जागेवर होती, हेही नमूद करते.

मग येतो स्विच. साधा आठ तोंडांचा स्विच पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हजार-दोन हजारांत मिळतो. ऑडिओफाइल स्विच वेगळा! २०२० च्या आसपास अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीचा ईथररीजेन नावाचा स्विच ६४० डॉलरला होता, म्हणजे तेव्हाचे पन्नास हजारांच्या जवळ. मोजमाप करणाऱ्यांनी तो लावून आणि काढून डॅकमधून बाहेर पडणारी लहर मोजली. फरक शून्य. काही स्विच तर ऑफिसातल्या साध्या स्विचलाच नवं घड्याळ आणि नवा वीजपुरवठा बसवून विकले जातात. त्या घड्याळाला पुन्हा बाहेरून आणखी अचूक घड्याळ जोडायची सोय असते. त्या बाहेरच्या घड्याळाला लिनिअर सप्लाय. सप्लायला खास पॉवर केबल. केबलखाली ठेवायला लाकडाचे ठोकळे, कारण केबल जमिनीला टेकली तर बास बिघडतो. मी काही मनाचं सांगत नाही हो, ठोकळे विकायला आहेत.

आता नाइलाजाने काकांची बाजू घेते. मंडळी चुकीच्या दारावर धक्के मारतात, पण घरात चोर नाहीच असं नाही. लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकरमधून बारीक गुंजन येतं, माउस हलवला की किर्र होतं, हे आपणही ऐकलंय. आकडे बिघडलेले नसतात. कॉम्प्युटरची मळकी वीज यूएसबीच्या जमिनीच्या तारेवरून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत चालत जाते. दोन उपकरणं दोन वेगळ्या सॉकेटमधून अर्थिंगला जोडली की मधे वेटोळं तयार होतं आणि ५० हर्ट्झची घरघर सुरू होते. जुन्या वाड्यांत आणि बिल्डरने घाईत उरकलेल्या इमारतींत अर्थिंग नावालाच असतं, तिथे तर विचारू नका. यावर इलाज स्वस्त आहेत: डॅकला तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ऑप्टिकल वायर लावा, तिच्यातून वीज जातच नाही, किंवा सगळं एकाच सॉकेटपट्टीवर घ्या, इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. आणि लॅनच्या साध्या वायरीत हा धोका मुळातच फारसा नसतो, कारण तिच्या दोन्ही टोकांना छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि ते दीड हजार व्होल्टपर्यंत विजेला अडवतात. पण हौसेने धातूच्या तोंडाची, पत्र्याचं आवरण असलेली महागडी वायर आणलीत, तर ते आवरणच दोन उपकरणांच्या जमिनी जोडून टाकतं. म्हणजे साध्या वायरीत नसलेली घरघर पैसे देऊन घरात! याला म्हणतात कर्म.

वाय-फायवर गाणं अडखळत असेल तर लॅनची साधी वायर टाका, हेही खरं. पंखा कानाशी घोंघावत असेल तर तो कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत ठेवा, हेही खरं. बाकीचं ऐकीव.

आता फाइलींच्या आकाराची स्पर्धा. सीडी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. ती गरिबांची. शौकिनांना २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ. या फाइलीत ९६ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. माणसाला तरुणपणी वीस हजारांपर्यंत ऐकू येतं आणि पन्नाशीनंतर बहुतेकांची मजल बारा-चौदा हजारांवर येते. हा छंद जोपासणाऱ्यांचं सरासरी वय मी लिहीत नाही. पण वटवाघळांची मात्र सोय झाली. नील यंग या थोर गायकाने २०१४ मध्ये लोकांकडून ६२ लाख डॉलर गोळा करून पोनो नावाचा तिकोनी प्लेअर काढला, ३९९ डॉलरचा, असल्याच फाइली वाजवायला. २०१७ मध्ये गाशा गुंडाळला. २००७ मध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला. उच्च दर्जाचं मुद्रण मधेच सीडीच्या दर्जाला उतरवलं आणि ऐकणाऱ्यांना विचारलं, कोणतं कुठलं? ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांची एकत्र मोजदाद केली तेव्हा बरोबर उत्तरं ५२ टक्क्यांच्या आसपास निघाली. कान तयार केलेल्यांची थोडी जास्त. म्हणजे फरक असेलही, चिमूटभर. त्या चिमटीसाठी घरभर हार्ड डिस्का.

बरं, मोठी फाइल नको तर घडी घातलेली घ्या, म्हणून एमक्यूए निघालं. २०१४ मध्ये वाजतगाजत आलं, इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या टायडलने २०१७ मध्ये डोक्यावर घेतलं, डॅकवाल्यांनी परवाने घेतले, डब्यावर निळा दिवा लागला की लोक धन्य होत. २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली आणि २०२४ मध्ये टायडलने ते काढूनच टाकलं. निळे दिवे आता रात्री पाणी प्यायला उठल्यावर कामी येतात.

खरा बॉम्ब तर दुसरीकडेच फुटला, आणि तो मला फार आवडतो. या कॉम्प्युटरवाल्यांना नाकं मुरडणारे तबकडीवाले असतात. ‘आमच्यात डिजिटलचा स्पर्शही नाही!’ अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी नावाच्या कंपनीच्या शंभर-सव्वाशे डॉलरच्या तबकड्या हे त्यांचं दैवत. फीत ते तबकडी, मधे काही नाही, अशी सर्वांची श्रद्धा. २०२२ च्या जुलैत फिनिक्स शहरातल्या एका तबकड्यांच्या दुकानदाराने व्हिडिओत सांगून टाकलं की मधे डिजिटल पायरी असते. कंपनीच्या इंजिनीअरांनी कबूल केलं, तेही अनेक वर्षांपासून! ज्यांना एका बिटाचा वास नाकाने लागतो म्हणत होते, त्यांनी वर्षानुवर्षं डिजिटल ऐकून त्याला शुद्ध अ‍ॅनालॉगचं प्रमाणपत्र दिलं होतं. कोर्टकचेऱ्या झाल्या, पैसे परत करायची वेळ आली. आवाज मात्र कालच्यासारखाच चांगला होता. तबकडी तीच, कान तेच. फक्त बातमी कळली आणि आवाज बिघडला.

एवढं सगळं करून हे ऐकतात काय? विचारा तर. जगभर कुठल्याही ऑडिओ प्रदर्शनात जा, ईगल्सच्या १९९४ च्या मैफिलीतलं हॉटेल कॅलिफोर्निया लागलेलं असतं, आणि तेही सुरुवातीच्या ढोलाच्या दणक्यापुरतं. काका तेच करतात. घरात किशोरीताई आहेत, कुमारजी आहेत, कुणाचाही ख्याल विलंबितातून द्रुतात जात नाही, कारण त्याआधीच काका उठून वायर बदलतात. काकूंनी आतून विचारलं, ‘अहो, काय लावलंय?’

‘अगं, इकडे ये, नीट ऐक. झांज संपल्यावर मागे हवा कशी राहते बघ.’

‘हवा राहू द्या. गातंय कोण?’

‘ते महत्त्वाचं नाही गं.’

सांगा आता! आणि यांच्या हार्ड डिस्कवर बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यासुद्धा २४ बिट, १९२ मध्ये साठवलेल्या आहेत. १९२५ च्या आधी ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. गायक भोंग्यापुढे उभा राहून तीन-साडेतीन मिनिटांत सगळं आटपायचा. त्या भोंग्यातून दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही उतरलेलंच नाही. वरचं सगळं सुईचं खरखरणं. ते खरखरणं आता अप्रतिम दर्जात जपून ठेवलंय. गंधर्वांची जादू आहे ती त्या अडीच हजारांच्या आत आहे, आणि ती ट्रान्झिस्टरवरही पोचत होती.

आणि ज्या खोलीत हे सगळं चालतं ती बघा. दहा बाय बारा. जमिनीवर गुळगुळीत टाइल्स, समोर काच, मागे उघडी भिंत. टाळी वाजवली तर भिंती परत टाळी देतात. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६-५७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज घुमतो. सोफ्याच्या एका टोकाला डग्गा ढम्म, दुसऱ्या टोकाला गायब. हा फरक नुसत्या कानाने, डोळे मिटून, कुणालाही कळतो. त्याला लागतो एक जाड गालिचा, जाड पडदे, पुस्तकांचं कपाट आणि स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढण्याची तयारी. शिवाय खिडकीतून रिक्षा, कुकर, गणपतीच्या मंडपाची चाचणी. शांत म्हटलेल्या शहरी खोलीतही ३५-४० डेसिबलचा गलका असतो. साध्या सीडीच्या १६ बिटांचा ९६ डेसिबलचा सगळा पल्ला त्या गलक्याच्या वर ऐकायचा म्हटलं तर गाणं १३० डेसिबलच्या पुढे लावावं लागेल. तेवढ्यात कान दुखून फाटायला येतात आणि सोसायटीची सभा बोलावली जाते.

पण गालिच्यावर बाण नसतो ना. गालिच्याला बर्न-इन लागत नाही, तो दोनशे तास वाजवून पिकवावा लागत नाही. गालिचा घेतला याची चर्चा कट्ट्यावर कोण करणार?

१९९४ मध्ये हर्मन कंपनीच्या फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी स्पीकर ऐकवण्याचा प्रयोग केला होता. एकदा स्पीकर डोळ्यांसमोर ठेवून, एकदा पडद्याआड. ऐकणारे तेच, स्पीकर तेच. गुण मात्र बदलले. दिसणारा मोठा, महागडा स्पीकर कानांना आवडला होता, पडद्याआड गेल्यावर तेवढा राहिला नाही. त्यात फसवाफसवी कुणाचीच नव्हती. किंमत कळली की कान नम्र होतात, तुमचे, माझे, काकांचेही.

तेव्हा मंडळी, हौस करा, हौसेला कोण अडवतंय! पण स्विच, वायर किंवा तो बिनपडद्याचा डबा घेण्याआधी दुकानदाराकडून परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. त्या मुदतीत एक दिवस घरातल्या कुणाला तरी सांगा: तुम्ही पाठ करून बसाल, ते दहा वेळा मनाला येईल तशी नवी किंवा जुनी वायर लावतील, दर वेळी आवाजाचं बटण त्याच खुणेवर राहील, आणि तुम्ही फक्त ‘नवी’ की ‘जुनी’ एवढंच सांगायचं. दहातली नऊ उत्तरं बरोबर आली तर वायर ठेवा आणि मला बोलवा, मी पेढे घेऊन येते. पाच-सहाच आली तर बिल शोधा.